ब्याण्णव फुटांवर

वेंडल पाण्यात कसा गेला, हे मी पाहिलेले नाही. त्या शनिवारी मी धरणावर नव्हते; चाळीस मैलांवरच्या कॉलेजात उन्हाळी सत्राचे पेपर तपासत होते. त्याची रिकामी होडी वादळानंतर सापडली, तीही मी पाहिली नाही. पाणबुडे आठ दिवस शोधत होते. त्यांतले दोन दिवस मी काठावर उभी होते, पण काठावरून फक्त बुडबुडे दिसतात. म्हणून जे मी स्वतः पाहिले आणि मोजले, तेवढेच सांगते.

वेंडल माझा धाकटा भाऊ. दरवर्षी ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तो आणि आमचे वडील धरणाच्या जलाशयात पट्टेरी बास धरायला जात. शहाणी माणसे हा मासा ऑगस्टात धरत नाहीत. वरचे पाणी त्याला सोसवत नाही इतके तापलेले असते आणि तळाच्या थंड पाण्यात प्राणवायू उरलेला नसतो. मधल्या अरुंद पट्ट्यात सगळे मासे अडकून राहतात. तो पट्टा नेमक्या किती खोलीवर आहे हे कळले, की निम्मे काम झाले. ती खोली मी सांगत असे. तलावांचे पाणी तपासणे हेच माझे शिक्षण आणि हीच माझी नोकरी.

आमच्याकडे मासेमारीला निघालेला माणूस घरी एक कागद ठेवून जातो. कोण गेले, कुठे, परत कधी येणार, आणि न आल्यास शेरीफला किती वाजता फोन करायचा. गेल्या वर्षी डॅडी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, म्हणून वेंडल एकटाच गेला. त्याचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली होता. माणसे एक. जागा, जुन्या नदीचे वळण. खोली ब्याण्णव फूट. परत बारा वाजता. दोनपर्यंत न आल्यास फोन.

त्यातले ब्याण्णव माझे होते, आणि ते चुकीचे होते.

माझे यंत्र मीटरमध्ये मोजते; वेंडलला फूट लागत. त्याच्यासाठी वहीत मी फुटांचा वेगळा रकाना ठेवला होता. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर पेपरांचा गठ्ठा होता. त्या रकान्यातले अठ्ठावीस मी मीटर समजले, पुन्हा फुटांत बदलले आणि सांगून टाकले.

"ब्याण्णव? नक्की ना?" त्याने विचारले.

"मोजलंय मी."

"मग झालं. ते मासे दाखवणारं यंत्र जूनमध्येच जळलं माझं. दुरुस्त नाही केलं. म्हटलं, मला तू आहेस की."

चूक मला रविवारी कळली. ब्याण्णव फुटांवर काहीच जगत नाही. तिथे गळ सोडून मासा लागेना, म्हणून तो ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबला आणि दुपारच्या वादळात सापडला, असा अर्थ मी लावला. तसल्या थंड तळाशी जे जाते, ते फुगून वर येत नाही. तो आला नाही. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. वर्षभर मला विशेष काही वाटलेही नाही. हे नोंदवते, कारण वाटायला हवे होते.

या ऑगस्टात, मंगळवारी, डॅडींचा फोन आला. "लोईस, शनिवारची तयारी करायची आहे. तुझं यंत्र घेऊन ये."

"कोण जाणार आहे?"

"मी. तुला यायचं तर तू."

गुरुवारी वर्ग संपवून मी डॅडींकडे गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जलाशयाचा नकाशा पसरला होता आणि त्याच्या एका कोपऱ्यावर मक्याच्या पावाचा तवा ठेवला होता. मीठ लावलेल्या टोमॅटोच्या चकत्या, बर्फ घातलेला गोड चहा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे डॅडी पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांनी सगळे ठरवले होते. शुक्रवारी पहाटे धरणाच्या भिंतीपाशी जाळे टाकून आमिषासाठी शॅड मासे धरायचे, ते गॅरेजातल्या गोल टाकीत पंप लावून ठेवायचे. टाकी गोलच हवी; चौकोनी टाकीत शॅड कोपऱ्यात गर्दी करून मरतात. दुपारी होडीतून जाऊन मी खोली मोजायची, आणि शनिवारी उजाडताच निघायचे.

कागदही लिहून तयार होता. माणसे दोन. मासे सहा.

"कायद्यानं माणशी दोनच धरता येतात," मी म्हणाले. "म्हणजे चार."

"गणित मला येतं, पोरी."

"मग सहा कसे?"

त्यांनी टोमॅटोची बशी माझ्याकडे सरकवली. "खा. वाळलीयेस."

कागदावर सहाच्या खाली त्यांनी खोली लिहिली होती. ब्याण्णव.

"डॅडी, अजून मी मोजलेलं नाही."

"वेंडलनं लिहिलं होतं. त्याला काहीतरी ठाऊक असणार."

त्याच क्षणी सांगायला हवे होते. मी टोमॅटो खाल्ला.

शुक्रवारी दुपारी चार वाजता आम्ही धक्क्यावर पोचलो. धक्का सांभाळणारी बर्निस बर्फाच्या पेटीवर बसून स्वतःला वारा घालत होती.

"हॉबर्ट, तुझी होडी तुझ्यापेक्षा म्हातारी दिसायला लागली," ती डॅडींना म्हणाली.

"तिला रंग तरी देता येतो, बर्निस. तुझं काय करायचं?"

"मला बघायला माणसं अजून येतात. तुझ्याकडे डासपण येत नाहीत."

डॅडी पुढे गेल्यावर तिने माझी बाही धरली. तिचा आवाज खाली आला. "उद्या मी इथंच थांबेन, दिवसभर. त्याला सांगू नको."

जुन्या नदीच्या वळणावर डॅडींनी इंजिन बंद केले. वारा नव्हता. दोन्ही काठांवरची झाडे उन्हात निश्चल होती आणि होडीच्या पत्र्याखाली पाणी लपलपतही नव्हते. मी यंत्राचा मापक तारेने खाली सोडत गेले आणि आकडे वाचत गेले. ते यंत्र पाण्याच्या दाबावरून खोली सांगते. सोबत तापमान आणि प्राणवायू. एक मीटरला तीस अंश. साडेआठ मीटरला, म्हणजे अठ्ठावीस फुटांवर, चोवीस अंश, प्राणवायू पुरेसा. गेल्या वर्षीचाच पट्टा. तरीही मी खाली जात राहिले. अठ्ठावीस मीटरला, म्हणजे ब्याण्णव फुटांवर, नऊ पूर्णांक चार अंश, प्राणवायू शून्य पूर्णांक एक. मापक वर आला तेव्हा त्याला कुजक्या अंड्यांचा वास होता. तळाच्या पाण्याला असतो तो.

"अठ्ठावीस फूट," मी म्हणाले.

डॅडींनी बादलीतला एक शॅड उचलला, ओल्या हाताने, हळुवार. नाकपुड्यांतून गळ ओवला, शिसे लावले आणि दोर हातांनी मोजत सोडू लागले. अठ्ठावीसवर ते थांबले नाहीत. गळाची काठी होडीच्या खोबणीत बसवली तेव्हा ब्याण्णव फूट दोर खाली गेला होता. मी घड्याळ पाहिले. चार वाजून बेचाळीस मिनिटे.

"तिथं तो पाच मिनिटांत मरेल," मी म्हणाले.

"बघू."

आम्ही बसून राहिलो. आवाज कुठलाच नव्हता. उन्हात तापलेल्या पत्र्याचा आणि शॅडच्या खवल्यांचा वास येत होता. वीसेक मिनिटांनी मी बोलले. माझा आवाज वर्गात येतो तसा आला.

"ब्याण्णव माझी चूक होती. अठ्ठावीस फूट होतं. मी मीटर समजून पुन्हा गुणलं आणि त्याला सांगितलं."

डॅडींची नजर काठीच्या टोकावर होती. "माहीत आहे."

"कसं?"

"त्यानं दवाखान्यात फोन केला होता. इथून. साडेदहाला. हसत होता. म्हणाला, बाईसाहेबांनी दोनदा गुणलंय बहुतेक. दोर वर घेतले अठ्ठावीसवर, आणि अर्ध्या तासात दोन मासे."

होडीतल्या बर्फाच्या पेटीत दोन मासे होते. शेरीफच्या अहवालात तसे लिहिले होते आणि मी ते वाचले होते. ते कुठून आले, हे मी कधी विचारले नव्हते.

"दोन मिळाले तर परत का नाही आला?"

डॅडींनी दोरावर एक बोट टेकवले. "म्हणाला... दोर वर घेताना खाली काहीतरी होतं. गळ घेत नाही, म्हणाला. ओढतही नाही. नुसतं... धरून ठेवतं. एकदा सोडून बघतो, मग निघतो."

होडी सापडली तेव्हा दोन्ही दोर सरळ खाली गेलेले होते, हेही अहवालात होते.

"हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर आकडा कुणी दिला, तेही सांगावं लागलं असतं."

मी त्यांच्या हातांकडे पाहत राहिले. वर्षभर आम्ही दोघे एकच आकडा एकमेकांपासून लपवत होतो. माझी चूक काही कमी झाली नव्हती. मी अठ्ठावीस सांगितले असते, तर त्याने ब्याण्णवला गळ कधीच सोडला नसता.

तेव्हा काठीचे टोक खाली गेले. बोटभर. मासा लागल्यावर बसतो तसा हिसका नव्हता. टोक खाली गेले आणि तिथेच राहिले. सावकाश वर आले. पुन्हा खाली.

"डॅडी..."

"बघितलं."

"प्रवाह असेल. धरणाचं पाणी सोडलं असेल."

"असेल..."

पाच वाजून छत्तीस मिनिटांनी मी दोर गुंडाळायला घेतला. चोपन्न मिनिटे झाली होती. पहिल्या दोन-तीन वेटोळ्यांना जड लागला. मग कोणीतरी मूठ उघडावी तसा एकदम हलका झाला. शॅड वर आला. तो जिवंत होता. शेपटी हलवत होता, कल्ले उघडत-मिटत होते. कुजका वास त्याला नव्हता. डॅडींनी गळ काढला आणि त्याला बादलीत सोडले. परतताना ते एकच वाक्य बोलले. "उद्या तू नाही आलीस, तरी मी जाणार."

काय करायचे ते मी रात्रीच ठरवले होते. होडीच्या तळाचे बूच काढून पर्समध्ये टाकले होते. बुचाशिवाय होडी पाण्यात उतरत नाही. त्यांना जाऊ द्यायचे नव्हते. त्यांना परत यायचे असेल, अशी मला खात्री नव्हती.

सकाळी साडेसहाला मी गॅरेजात गेले. पंप सुरू होता, बुडबुडे येत होते. काल पहाटे धरलेल्या एकवीस शॅडपैकी वीस मेलेले होते. पोट वर करून ते टाकीच्या कडेला गोल चिकटले होते. मध्ये बरीच मोकळी जागा होती आणि काल संध्याकाळी बादलीतून परत टाकीत सोडलेला तो एक तिथे फिरत होता. घाई न करता.

डॅडी माझ्यामागे येऊन उभे राहिले. टोपी घातलेली, हातात कागद.

"मोज," ते म्हणाले.

मी मापक टाकीत सोडला. गॅरेजात त्या वेळी सव्वीस अंश होते. टाकीत नऊ पूर्णांक चार. पंप सुरू असताना प्राणवायू शून्य पूर्णांक एक.

"तिथलंच का गं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. रिकामी बादली उपडी घातली आणि टाकीशेजारी बसले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"डॅडी, शनिवार आहे. निघायचं नाही?"

"आता कशाला?" ते म्हणाले. कागदाची त्यांनी चार वेळा घडी घातली आणि खिशात ठेवली. "कॉफी कर. माझ्यात साखर घालू नको."

मी कॉफी केली. धक्क्यावर बर्निसला फोन करून सांगितले, की आज कोणी येत नाही. ती म्हणाली, बरं झालं, आणि रडू लागली. बूच अजून माझ्या पर्समध्ये आहे. ते मागण्याची वेळ डॅडींवर आलेली नाही. ते रोज तिथेच बसतात. शॅडला कोणी काही खायला घालत नाही. आज सोळावा दिवस.

यंत्रात बिघाड असावा, म्हणून मी ते दोनदा तपासून जुळवून घेतले. त्या सकाळी डॅडींना न सांगितलेला एक आकडा पडद्यावर होता. टाकी अडीच फूट खोल आहे. मी पट्टीने मोजली आहे. जुळवलेले यंत्र आधी पाण्याने भरलेल्या दुसऱ्या बादलीत बुडवले. खोली, शून्य पूर्णांक तीन. मग टाकीत. खोली, अठ्ठावीस. मीटर, फूट नव्हे. या वेळी मी रकाना दोनदा वाचला.