फोन पास होईपर्यंत

तो टेबलासमोर येऊन उभा राहिला तेव्हा तिने वर पाहिलंसुद्धा नाही. सकाळपासूनचा हा एकतिसावा फोन होता.

"लॉक काढून द्या," ती म्हणाली.

फोन पुढे आला. कोपऱ्यात काच तडकलेली, त्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीखाली एक इवलंसं वाळकं पान अडकलेलं. तिने नखाने ते उचकटायला घेतलं.

"अहो, पान नका काढू! काच त्याच्याच भरवशावर आहे."

आता मात्र तिने वर पाहिलं. उंच, उन्हाने रापलेला, आणि हसू आवरत उभा.

शहरातली आणि दूरदूरच्या जंगलांतली झाडं मोजायचं काम निघालं होतं. प्रत्येक झाडाचा फोटो, खोडाचा घेर आणि नेमकी जागा फोनवरच्या ॲपमध्ये भरायची. मोजणीला जाणाऱ्यांनी फोन स्वतःचा आणायचा, आणि तो या कामाला चालेल की नाही हे तिने ठरवायचं. ऑफिसात सगळे तिला 'फोनची डॉक्टरीणबाई' म्हणत. ज्याचा फोन आधी पास, त्याला कामाचा विभाग आधी निवडायला मिळे. त्यामुळे तिच्या टेबलापाशी सगळे जरा गोडच बोलत. पण हा गोड बोलत नव्हता. हा नुसताच बोलत होता, आणि तिला ते ऐकावंसं वाटत होतं.

मेमरी पुरेशी निघाली. कॅमेरा ठीक. शेवटची तपासणी मोकळ्या आकाशाखाली. दोघं मागच्या अंगणात गेली. नकाशावरचा निळा गोल लहान होत होत पाच मीटरच्या आत आला की झालं काम.

"वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"फोनवर आहे."

"मग लागू दे." तो फाटकाजवळच्या झाडाकडे गेला. दोन्ही हात पसरून त्याने खोडाला कवटाळलं, गाल सालीला टेकवला. "दीड मिठी."

"म्हणजे?"

"टेप नसली की मी असंच मोजतो. माझ्या एकट्याने दीड मिठी. तुम्ही पलीकडून हात लावलात तर एकीतच होईल."

"मी कशाला लावू?" ती म्हणाली खरी... पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने घाईने मान खाली घातली. स्क्रीनवर आकडा स्थिर झाला होता — चार मीटर.

पास.

आता तो 'आभारी आहे' म्हणेल, सहीचा कागद घेईल, आणि जाईल. मग बत्तिसावा येईल.

"अजून पंधरावर आहे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "ढग आहेत ना... उद्या या."

त्याने आकाशाकडे पाहिलं. ढग होते, दोनच. "येतो की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तिने केस जरा निराळे बांधले होते. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा टायपिंगला लागल्या. अंगणात पुन्हा तो गोल, पुन्हा गप्पा. हसता हसता तो मध्येच गंभीर झाला.

"जवळचा विभाग मिळायला हवा हो. बाबांची एक बाजू लुळी पडलीय. दुपारी घरी जाऊन त्यांना चालवतो मी. रोज अंगणात दहा फेऱ्या. काल अकरा झाल्या!"

गोल चारवरच होता. जवळच्या विभागात अजून अकरा जागा शिल्लक होत्या, तिने सकाळीच यादी पाहिली होती. एकच दिवस... उद्या नक्की, तिने मनाशी म्हटलं.

"बॅटरी फार लवकर उतरतेय. पूर्ण चार्ज करून आणा. उद्या होऊनच जाईल."

त्याच दुपारी दुसऱ्या ऑफिसातून वीस जणांची टोळी आली. सगळ्यांचे फोन नवे कोरे. तिच्याच हाताने एकामागून एक पास झाले.

तिसऱ्या दिवशी तिने त्याला अंगणात नेलंच नाही. टेबलावरच सही केली. तो आत विभाग निवडायला गेला आणि पाच मिनिटांत परत आला.

"खाडीकाठचं जंगल," तो म्हणाला. "बसने सहा तास. दीड वर्ष." मग तिचा चेहरा पाहून त्यानेच समजूत काढली, "तुम्ही का वाईट वाटून घेता? फोनच जुना. दुसरं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी हाकलून दिलं असतं. तुम्ही तीनदा घेतलंत."

तिने पुढचा फोन ओढून घेतला.

तो गेल्यावर ती साहेबांच्या खोलीत शिरली आणि सगळं सांगून मोकळी झाली. साहेबांनी कपाळाला हात लावला. "यादी वर गेली, बाई. आता ती बदलायची तर दुसऱ्या कुणाला तरी उठवावं लागेल. कुणाला उठवू, सांगा."

तो निघायच्या सकाळी ती बसस्टँडवर गेली. ट्रंकेवर बसून तो केळं खात होता. तिला पाहताच धडपडत उठला, चेहरा उजळला — आणि तेच तिला सोसवेना.

"तुमचा फोन पहिल्याच दिवशी पास झाला होता," ती एका दमात म्हणाली. "मी खोटं बोलले."

"पहिल्याच दिवशी?"

"हो."

"का?"

"तुम्ही परत यावं म्हणून."

त्याने हातातली साल नीट दुमडली. "बाबांना काल बहिणीकडे सोडलं," तो म्हणाला. "तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. अंगण नाही."

"मला माफ —"

"थांबा. आत्ता राग नाही आलाय. पण येईल. तिकडे गेल्यावर, बाबांचा फोन आला की येईल. तेव्हा तुमचा चेहरा आठवेल..." त्याने ट्रंकेची कडी उचलली, सोडली. "तुमचा चेहरा मला निराळ्या वेळी आठवायला हवा होता हो."

कंडक्टरने घंटी मारली. तिने ट्रंकेची एक कडी धरली, त्याने दुसरी. दोघांनी मिळून ती वर चढवली. बोटांना बोटं लागली, आणि दोघांपैकी कुणीच हात चटकन काढला नाही.

गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून वाकला.

"पास झालात, तरी उद्या या — एवढंच म्हणायचं होतंत! रोज आलो असतो मी!"

गाडी फाटकातून वळेपर्यंत ती हात वर करून उभी होती. मग धूळ बसली, पुढची गाडी लागली, आणि चढणाऱ्यांच्या गर्दीत कुणीतरी तिला म्हणालं, "बाई, जायचं नसेल तर जरा बाजूला व्हा."

ती बाजूला झाली.