मागच्या गाडीचा दिवा

ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे. योगराज.

सुरतला भेस्तानमध्ये आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत आहे. त्याला खोकला आला तरी मला कळतं. त्यामुळे कोणीतरी कोणालातरी सांगितलेली ही गोष्ट नाही. आणि भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे...

ही भर दुपारची आहे.

२९ एप्रिल २०२५. दुपारचे अडीच. ठिकाण, कच्छचं छोटं रण. दुसऱ्या दिवशी आखाजी होती. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो.

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या पाया पडणार नाही. जसं कळलं तसं सांगतो.

योगराज पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. सहा दिवस वाफ आणि रंगाचा वास. सुट्टी लागून आली की हा पठ्ठ्या मोटारसायकल काढून गायब. चार बाईकवाले आणि अजिंक्यची जीप, असा यांचा कंपू. अजिंक्य बँकेत आहे. त्याच्या जीपमध्ये तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन. जिथे वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, तिथे जाऊन मुक्काम ठोकायचा. त्याची आई, म्हणजे माझी मावशी, कपाळाला हात लावायची. "घरमा पंखा शे, पानी शे, आनि हाऊ माळवर जाईसन झोपस!"

रणात रस्ता नसतो. नुसत्या चाकोऱ्या. कुठे फुटतात, कुठे मिळतात, पत्ता लागत नाही.

म्हणून यांचा एक नियम होता. फाटा आला की पुढच्याने थांबायचं. मागचा येऊ द्यायचा. त्याने हात वर केला, म्हणजे त्याला वळण दिसलं. मगच निघायचं. नुसता दिवा दिसून चालत नाही, कारण धुळीत सगळे दिवे सारखेच. हात दिसायला हवा.

हात दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

मार्चमध्ये हे पाच जण छोट्या रणात गेले. पुढे जीप. मग दोन बाईक. मग योगराज. सगळ्यात शेवटी लखन.

लखन आमच्याच गल्लीतला. मंगलाबाईंचा एकुलता एक. वडील तो लहान असतानाच गेलेले. आईने साड्यांना टिकल्या चिकटवून पोर वाढवलं. लखनला फोटोंचा भारी नाद. दर दहा मिनिटांनी थांबायचा. आणि त्याच्यासाठी प्रत्येक फाट्यावर योगराजने उन्हात ताटकळायचं. दिवसभर हेच चाललं होतं. योगराजची मान भाजली होती, डोकं फिरलं होतं.

चारच्या सुमाराला पुन्हा एक फाटा आला. जीप उजवीकडे गेली होती.

योगराज थांबला. मागे धूळ दिसली. धुळीत दिवा दिसला.

येतोच आहे, असं म्हणून त्याने गिअर टाकला.

हात काही त्याने पाहिला नाही. दोन मिनिटं थांबला असता तर दिसला असता, किंवा दिसला नसता. पण तो थांबला नाही.

मुक्कामाला पोहोचल्यावर अजिंक्यने चहा टाकला. म्हणाला, "लखन क्यां? कुठे राहिला? फाट्यावर हात बघितलास ना त्याचा?"

"हो, बघितला ने," योगराज म्हणाला.

एवढंसं खोटं. येईलच आता, कशाला उगाच बोलणी खायची, म्हणून बोलून गेला. आपणही असं बोलतो. दिवसातून दहादा बोलतो.

पण लखन आला नाही.

अंधार पडला. सगळ्यांनी दिवे लावून शोधायला सुरुवात केली. कुठे शोधलं? उजव्या चाकोरीवर. कारण योगराजने हात पाहिला होता. म्हणजे लखन फाट्यावरून बरोबर वळला होता. म्हणजे तो पुढेच कुठेतरी भटकला असणार... रात्रभर चौघे जण चुकीच्या बाजूला हाका मारत फिरले. आणि योगराजच्या तोंडून काही फुटलं नाही. दर तासाला ते सांगणं जास्तच अवघड होत गेलं, असं तो म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिठागरातल्या एका ट्रॅक्टरवाल्याला लखन सापडला.

डाव्या चाकोरीवर. फाट्यापासून चार किलोमीटर. बाईक पायावर आडवी पडलेली. हातात रिकामी बाटली.

डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत जिवंत असावा.

गल्लीत सगळ्यांना एकच माहीत. पोरगा हट्टी होता. वळण दिसूनही फोटोसाठी मागे फिरला आणि नको तिथे घुसला. योगराजने मान खाली घालून ते ऐकलं. लोकांना वाटलं, किती दुःख झालंय बिचाऱ्याला.

आता आखाजीचं.

आमच्यात आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. मातीची घागर, तिच्यावर खरबूज. गेलेल्याला पाणी मिळावं म्हणून. घागर भरायला पुरुष माणूस लागतो, आणि मंगलाबाईंच्या घरात आता कोणी उरलं नव्हतं. त्यांनी योगराजला बोलावलं. छोटी घागर हातात दिली.

"तठे जाईसन पानी दे त्याले," त्या म्हणाल्या. "तो तिसना गया रे. आठे भरेल घागर त्याले कशी पुरी?"

तिसना म्हणजे तहानलेला. योगराज नाही कसा म्हणणार?

तर २९ एप्रिलला तो आणि अजिंक्य, दोघंच. अजिंक्य जीपमध्ये घागर सांभाळत पुढे. योगराज बाईकवर मागे. त्याच्या मागे कोणी नाही. हंगाम संपलेला, ऊन असं की हेल्मेटची काच चटका देत होती.

तोच फाटा आला. योगराजचा हात पाहून जीप डावीकडे वळली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

योगराजने सवयीने आरशात पाहिलं.

मागे दिवा होता...

पांढरा. थरथरणारा. बाईकचा.

मृगजळ असेल, त्याने मनाला समजावलं. रणात दुपारी काय वाट्टेल ते दिसतं. त्याने बाईक थांबवली. इंजिन बंद केलं. मागे वळून पाहिलं.

तो दिवाही थांबला.

वारा नव्हता. पक्षी नव्हता. स्वतःचा श्वास हेल्मेटमध्ये ऐकू येत होता, बस्स.

आणि मग... खड्. खड्. खड्.

सैल सायलेन्सरचा आवाज. लखनने तो तारेने बांधला होता. "नवा टाक की," म्हणून योगराज त्याला नेहमी चिडवायचा. ती बाईक तर मार्चपासून पोलीस चौकीच्या आवारात पडली होती.

चोराच्या मनात चांदणं, असं मीही आधी म्हणालो. तुम्हीही म्हणत असाल. पुढचं ऐका.

योगराजने हात वर केला. इकडून. खूप वेळ वर धरून ठेवला.

समोरून हात आला नाही.

दिवा पुढे येईना. मागे जाईना. नियमाप्रमाणे हात दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि त्याची छातीच होईना हलवायची. खांदा भरून आला तरी तो तसाच उभा राहिला. "कर ना रे एकदा," तो पुटपुटला. "कर ना, लखन." रडू आवरत नव्हतं त्याला.

अर्ध्या तासाने जीप परत आली.

"शुं थयुं? बंद पडली काय?" अजिंक्यने विचारलं.

योगराजने मागे बोट दाखवलं.

अजिंक्यने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पांढरी सपाट जमीन. दुसरं काही नाही. त्याने खाली उतरून चाकोरी तपासली. एक जीप, एक बाईक. तिसरी खूण नव्हती.

"ऊन लागलंय तुला," तो म्हणाला. "पाणी पी. चाल ने भाई."

लखन पडला होता तिथे मिठागरवाल्यांनी एक काठी रोवून फडकं बांधलं होतं. अजिंक्यने उदबत्ती लावली. योगराजने घागर उचलली, लखनचं नाव घेतलं आणि पाणी ओतलं.

रणाची माती चिकण. पाणी पटकन जिरत नाही. ओतलं की डबकं होऊन साचतं.

हे पाणी साचलं नाही.

पडलं तिथेच गेलं. पूर्ण घागर. माती ओली झाल्याचा डागसुद्धा नाही... आणि आवाज आला. घट... घट... घट. घशातून उतरतं तसा.

अजिंक्य दोन पावलं मागे सरला. मग जीपमधून कॅन काढून त्याने स्वतः थोडं ओतलं. ते साचलं. त्यात आभाळ दिसत होतं.

"तू ओत," तो हळूच म्हणाला.

योगराजने कॅन घेतला. ओतलं. गेलं. पुन्हा ओतलं. तेही गेलं. वीस लिटरचा कॅन रिकामा झाला. फक्त त्याच्या हातचं पाणी माती घेत होती, आणि घेता घेता थांबत नव्हती.

अजिंक्य त्याच्याकडे पाहत होता.

"योग्या," त्याने विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी हात केला होता ना लखनने?"

आता तरी सांगायचं होतं. ऐकणारा एक मित्र. बाकी मैलभर माणूस नाही.

"हो," योगराज म्हणाला. "केला होता."

कॅन रिकामा होता. ओतायला थेंब नव्हता.

तरी घट... घट... आवाज चालूच राहिला.

दोघे तिथून कसे निघाले ते दोघांनाही धड आठवत नाही. योगराजने आरसे खाली वळवून टाकले. डांबरी लागेपर्यंत मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी आखाजी. मंगलाबाईंनी पुरणपोळी केली होती, आंब्याचा रस, कुरडई, सगळं. आमच्यात त्या दिवशी एखाद्याला पितर म्हणून जेवायला बसवतात. गेलेल्याच्या जागी. तो जेवला की गेलेल्याला पोहोचतं.

त्यांनी योगराजला पाटावर बसवलं. कपाळाला कुंकू लावलं.

"तू त्याना जोडीना," त्या म्हणाल्या. "तूच बठ."

योगराजने पोळी मोडली. घशाखाली उतरेना. तो पाणी प्यायला. एक तांब्या. दुसरा. तिसरा. त्या भरत गेल्या, तो पीत गेला.

आणि त्या बोलत होत्या. रडत नव्हत्या, अगदी शांतपणे बोलत होत्या.

"मनीच चूक शे. मीच त्याले डोकावर बठाडा. कोनं आयकाले शिकाडंच नही. आयकाले शिकाडं ऱ्हातं तं तुमना मांगे सरळ येता तो."

योगराज म्हणतो, त्या क्षणी त्याला फाट्यावरचा दिवा दिसला. मंगलाबाईंच्या मागे, उघड्या दारात, भर उजेडात. तेवढाच दूर. तसाच थांबलेला.

"त्याले वळण दखायनं व्हतं ना रे?" त्यांनी विचारलं.

"हो, मावशी," तो म्हणाला. "दिसलं होतं."

"मंग जेव तू. पोटभर जेव."

तो जेवला. सगळं ताट.

हे सगळं त्याने मला पावसाळा संपता संपता सांगितलं. गच्चीवर, रडत. तोपर्यंत त्याने बाईक विकली होती. मी अजिंक्यला गाठलं. तो एवढंच म्हणाला, "पाण्याचं खरं आहे. बाकी मला विचारू नकोस." नंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

मी योगराजला नाही नाही ते बोललो. त्याची भीती वाटली नाही, चीड आली. एक बाई रोज स्वतःला दोष देत झुरते आहे आणि तुला तोंड उघडता येत नाही? तुला जमत नसेल तर मी सांगतो, म्हणालो. त्याने मला अडवलं नाही. उलट त्याला हायसं वाटलं असावं.

दुसऱ्याच दिवशी मी मंगलाबाईंकडे गेलो. त्या साडीला टिकल्या लावत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, चहा टाकला. घरात लखनचा फोटो, त्याने काढलेले फोटोही भिंतीवर चिकटवलेले. मी वाक्य जुळवून गेलो होतो. पहिला शब्दही तयार होता.

"तू भला मानूस शे," त्या म्हणाल्या. "योगराज आते येत नही. त्याना जीवले लागनं ते. मना पोऱ्यानी त्याले बी दुखाडं."

मी चहा प्यायलो.

"मीच त्याले बिघाडा. खरं ना रे भाऊ?"

तेव्हा बोलायचं होतं. त्यासाठीच गेलो होतो.

माझ्याकडून मान हलली. होकारार्थी.

योगराज बसणार नाही म्हणतोय, तर पुढच्या आखाजीला पितर म्हणून तू बसशील का, असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो.

आखाजीला अडीच महिने उरलेत. रोज ठरवतो, उद्या सांगेन. काल त्यांनी मला बोलावून विचारलं, तुला रस गोड लागतो की आंबट चालतो?

मी गोड म्हणालो.