एकटीने जायचं घर

तैवानमधल्या कीलुंग बंदराच्या रिमझिमीत भिजून युन-शी समाजसेवकांच्या कामगार संघटनेच्या कचेरीत शिरली, तेव्हा एक तरुण खोकत खोकत माशाच्या गोळ्यांचं सूप पीत होता.

"किती दिवस खोकताय? झोप होते का? घरी कोण कोण असतं?" तिने विचारलं.

तो हसला. "बाई, इथं प्रश्न मी विचारतो! मी बो-हान, संघटनेचा प्रतिनिधी. तक्रार तुमची आहे ना?"

युन-शी लाजली. समाजसेविकेचं असंच होतं. दुसऱ्याचं दुःख विचारता विचारता स्वतःचं सांगायचं राहून जातं.

मग ती हळूहळू बोलली. एका दारुड्याच्या घरी, त्याच्या लहान मुलीला पाहून यायला, ती नोकरी करत होती त्या संस्थेने तिला एकटीला पाठवलं. त्याने बाटली फेकून मारली. कपाळाला टाके पडले. आता संस्था म्हणत होती, चूक तुझीच. तसं कबूल कर, तर नोकरी राहील.

"केलं कबूल तर?"

"नोकरी राहील," बो-हान म्हणाला. "आणि उद्या दुसरी कुणी अशीच एकटी जाईल. दोघींना पाठवा, एवढंच तर संघटना मागतेय. पण... ठरवायचं तुम्ही. मी ढकलणार नाही."

त्यानंतर संध्याकाळी दोघं बंदरावर संघटनेच्या मागणीची पत्रकं वाटू लागली.

"छत्री माझ्यावरच धरलीत. तुम्ही भिजताय."

"पत्रकं तुमच्या हातात आहेत ना, म्हणून..."

"फक्त म्हणून?"

त्याने छत्री आणखी तिच्याकडे कलती केली.

संस्थेच्या चौकशीत बो-हानला शेजारी बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. संचालिकाबाईंनी विचारलं, "चूक मान्य?"

"नाही," युन-शी म्हणाली. "दारातच मला भीती वाटली होती. पण आत मूल होतं, आणि सोबत कुणी नव्हतं. पुन्हा जाईन मी. एकटी मात्र नाही."

नोकरी गेली.

ती संस्थेच्या जिन्यात बसून रडली. बो-हान एक पायरी खाली बसला.

"आता मी तुमचा प्रतिनिधी नाही," तो म्हणाला. "म्हणून आता बोलतो. आधी बोललो असतो, तर हा निर्णय तू माझ्यासाठी घेतलास की काय, अशी शंका तुलाच आली असती. युन-शी... मला तू फार आवडतेस."

"बेकार मुलगी?" तिने डोळे पुसले. "आणि तेही आज सांगतोस!"

तेवढ्यात खाली फाटकापाशी स्कूटर सुरू झाली. युन-शी खिडकीशी गेली. तिचं चौकशीतलं उत्तर संस्थेत सगळीकडे पोचलं होतं; आता त्या दारुड्याच्या घरी एकटीने जायला कुणीच तयार नव्हतं. तिच्या दोन सहकारिणी एकाच स्कूटरवर बसून निघाल्या होत्या.

स्कूटर वळणाआड जाईपर्यंत ती पाहत राहिली. मग न वळताच तिने मागे हात केला, आणि बो-हानने तो धरला.