सिरिंजभर दूध

जिन्याच्या वळणावर संयोगिता समोरच्यावर आदळता आदळता वाचली. तिनं दुधाची बाटली सावरली, त्यानं बुटांचा खोका. खोक्यातून चिक् चिक् असा बारीक आवाज आला.

“उंदीर हायत?”

“गिनीपिगची पिल्लं,” वरच्या मजल्यावरचा सम्राट ओशाळून म्हणाला. “आज जन्मली… आणि आई गेली. शेळीचं दूध आणाय निघालोय.”

खोक्यात मुठीत मावतील अशी तीन पिल्लं टकामका बघत होती.

“शेळीचं? त्यात काय असतंय! हे घ्या की, घरच्या म्हशीचं. आत्ताच गावाकडनं, बिद्रीहून आलंय.”

“पाजायला जमंल तुम्हाला?”

“अवो पावणं, रेडकं वाढवलीत मी!”

दोघं पायरीवरच बसली. तिची वेणी खोक्यात पडली, ती त्यानं अलगद बाजूला केली. तिला ते कळलं, आणि मग तर ती जास्तच ऐटीत आली. त्यानं दिलेली, सुई काढलेली सिरिंज तिनं दुधानं गच्च भरली, पिल्लू उताणं धरलं, मान वर केली आणि सिरिंज दाबली.

दूध नाकातून बाहेर आलं. पिल्लानं पाय झाडले आणि मान टाकली.

“सरळ धरा! सरळ!” सम्राट ओरडला. पिल्लू आणि खोका घेऊन तो डॉक्टरांकडं पळाला. ती ओढणीवरचं दूध पुसत तिथंच उभी राहिली.

त्यानंतर तिनं त्याला तोंडच दाखवलं नाही. त्याची गाडी गेल्याचा आवाज आला की मगच ती घराबाहेर पडायची. रेडकं वाढवलीत म्हणे! स्वतःचंच बोलणं आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. विचारायचं एवढंच होतं, ते पिल्लू जगलं का? पण धीरच होत नव्हता.

शेवटी रविवारी तिनं त्याची बेल वाजवली.

“ते पिल्लू…?”

“गेलं.”

“माझ्यामुळं.”

तो ‘न्हाय वो’ म्हणेल, अशी तिला वेडी आशा होती.

“व्हय,” सम्राट म्हणाला.

तिचे डोळे भरून आले. ती वळलीच, तेवढ्यात तो म्हणाला, “आत या की. दोन राहिलीत. एकाला पाजताना दुसरं आवरत न्हाय मला.”

त्यानं पिल्लू तिच्या तळहातावर चारी पायांवर उभं केलं आणि खालून आपला हात धरला. सिरिंजच्या टोकाशी एक थेंब आला. पिल्लानं तो चाटला.

“असं. चाटंल तेवढंच द्यायचं.”

“डॉक्टरांनी शिकवलं?”

“व्हय.”

“कधी?”

त्याचे कान लाल झाले.

“त्याच दिवशी… तुम्ही जिन्यात भेटायच्या आधी.”

“म्हणजे मी उताणं धरलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं? मग थांबवलं का न्हाय?”

“दिसलंच न्हाय मला.” त्याची मान खाली गेली. “मी पिल्लाकडं बघतच नव्हतो… तुमच्याकडं बघत होतो. मघाशी सगळं तुमच्यावर ढकलून मोकळा झालो. लाज वाटती.”

तिला राग आला, अगदी खरा. पण त्याच्या हातावरचा हात तिनं काढला नाही. पिल्लानं आणखी एक थेंब चाटला.

“आणि आता कुणाकडं बघताय?” तिनं विचारलं.

“पिल्लाकडं. शप्पथ.”

“बघा. त्याचं पिऊन होऊ दे आधी.”

पिल्लानं तोंड फिरवलं. ते तिनं जपून खोक्यात ठेवलं, सिरिंज बाजूला ठेवली… आणि मग त्याच्याकडं पाहिलं.