नीरफणसाची चौकट

गोधडी जरा माझ्या खांद्यावर ओढ, पोरी. तुला घाम फुटलाय, दिसतंय मला. माझं हे असंच.

तू जन्मलीस तेव्हा तुझी वार अंगणात पुरून वर नीरफणसाचं रोप लावलं, तशीच माझी आणि माझ्या धाकट्या बहिणीची, वाईतेआची, झाडं शेजारी शेजारी होती. ताहितीला आलेल्या एका गोऱ्या चित्रकाराने तिला तिच्या झाडाखाली बसवून चित्र काढलं. जमीन जांभळी, कुत्रा तांबडा! "नाक तरी माझंच आहे हं, तुझ्यासारखं नकटं नाही," वाईतेआ मला चिडवायची. त्याच्या लाकडांना वाळवी लागली होती, म्हणून चित्राचं कापड ताणायच्या चौकटीसाठी त्याने तिच्याच झाडाची फांदी तोडली. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? तोडू दिली. चुकलंच आमचं.

त्याने चित्र चौकटीवरून सोडवलं आणि गुंडाळून बोटीने आपल्या देशी पाठवलं; चौकट त्याच्याकडेच राहिली. सहा महिन्यांनी वाईतेआने अंथरूण धरलं. भर दुपारी दात वाजत होते.

"ताई... बूट घातलेली माणसं समोर थांबतात. बघतात... जातात."

"कुठली माणसं?"

"मला हलता येत नाही गं..."

भाजलेला मासा घेऊन मी चित्रकाराच्या झोपडीवर गेले. "मोस्यू, ती चौकट द्या. माझ्या बहिणीचा जीव आहे त्यात."

"लाकडात?" तो हसला. हातातला कोळसा कागदावर भरभर चालला होता. "देतो. पण अशीच उभी राहा. हा राग छान दिसतो."

जीव टांगणीला लागला होता, राहिले उभी. खोलीत ओल्या चिकाचा वास होता. कोपऱ्यात एक नवी चौकट टेकवलेली होती. माझं सगळं लक्ष जुनीवर.

ती मिळाली. चारही दांडे वाईतेआच्या झाडाखाली पुरले. माती दाबते तोच घरातून हाक आली, "ताई, भूक लागली! मासा त्या गोऱ्याला कशाला दिलास?"

मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात कपाळावर थेंब पडला. पाऊस नव्हता. वर पाहिलं. शेजारच्या, माझ्या झाडाची एक फांदी तोडलेली होती, आणि ताज्या घावातून पांढरा चीक टपकत होता.

मी धावले. झोपडी रिकामी होती, कोपऱ्यातली नवी चौकटही नव्हती. त्याच्या बोटीचं शीड पार दूर गेलं होतं.

वाईतेआने पुढे नातवंडं पाहिली, सुखाने गेली. मी मात्र...

जरा बाजूला सरक, पोरी. तुझ्यामागे उभे आहेत ना, त्यांना मी नीट दिसत नाहीये.