पात्याच्या दुसऱ्या बाजूची वाफ

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला गळ घालणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलं आहे, आणि मामाने कधी थाप मारल्याचं मला आठवत नाही. त्याचं कामच खोटं पकडायचं.

जुन्या लष्करी संगिनी अस्सल की बनावट, हे तो विकत घेणाऱ्यांना सांगायचा.

मागच्या हिवाळ्यातला मंगळवार. भर दुपारचे अडीच. एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या दुकानावरची खोली, खिडकीतून लख्ख ऊन.

मामी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

मामाच्या कामाची एक रीत होती. संगीन आधी पुसायची नाही, कुणाला पुसू द्यायची नाही. मग पात्यावर हा... करून श्वास सोडायचा आणि मनात आकडे मोजायचे. त्याचं म्हणणं, नव्याने घासलेल्या पात्यावरची वाफ लगेच उडते, जुन्यावर ती रेंगाळते.

एवढं झालं की डावा हात लांब करून संगीन शेजारच्या खुर्चीकडे द्यायची.

तिथे मामी बसलेली असायची. ती पात्याला नाक टेकवून वास घ्यायची. ॲसिडने गंज चढवलेला असला तर तिला बरोब्बर कळायचं. तोंडात कायम लवंग, तरी कळायचं. तिने नाक बाजूला घेतलं की पात्यावर वाफेचे दोन छोटे ठिपके उरायचे.

"लोक नाक खुपसतात आणि बोलणी खातात. आमच्या हिला त्यासाठी गाडी पाठवून बोलावतात," मामा म्हणायचा.

ती गेली तेव्हा तो रडला नाही. नंतरही नाही. वेळेवर जेवायचा, दाढी करायचा, झोपायचा. पण तिची आठवण आली तरी आत काही हलायचं नाही. याची त्याला मनापासून लाज वाटायची.

त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचा डॉक्टर, लोकांचे दात काढता काढता हत्यारांच्या नादी लागलेला. तो म्हणाला होता, मामा, हे भूल दिल्यासारखं असतं, हळूहळू उतरतं. मामा वाट बघत राहिला होता.

त्या दुपारी टेबलावर चादर अंथरून घड्याळजीने विकायच्या सहा संगिनी मांडल्या होत्या. पाच झाल्या. डॉक्टरचा जीव सहावीवर जडला होता.

पात्यावरचा आणि म्यानावरचा नंबर एकच. शिक्का ठसठशीत. गंज काळपट, मुरलेला. मामाने श्वास सोडला आणि मोजायला लागला. वाफ पंधरापर्यंत टिकली.

जुनी आहे, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. आणि सवयीने...

डावा हात लांब केला.

खुर्ची रिकामी होती. तरी क्षणभर हात तसाच राहिला. मग त्याने संगीन परत घेतली, उलटी केली.

पात्याच्या दुसऱ्या बाजूला...

वाफेचे दोन छोटे ठिपके.

डॉक्टर टेबलापलीकडे होता. घड्याळजी दाराशी. खोलीत चौथं कुणी नव्हतं.

ठिपके विरायच्या आत मामाने तिथे नाक नेलं. लवंग... आणि लवंगेच्या खाली अगदी पुसट ॲसिड.

"मूठ उघडा," तो म्हणाला.

घड्याळजीने मुठीचे स्क्रू काढले. लाकडी पट्टीखाली जुना मळ असायला हवा होता. तिथलं लोखंड कोरं करकरीत होतं, कानशीचे ताजे ओरखडे तेवढे दिसत होते. घड्याळजीचा चेहरा पडला. त्यालाही कुणीतरी फसवलंच होतं.

डॉक्टर मामाचे आभार मानत होता. मामाला ना भीती वाटली, ना आनंद झाला. आणि मग त्याने जे केलं, ते ऐकून त्या धंद्यातलं कुणीही हसेल. ती बनावट संगीन त्याने स्वतःसाठी मागून घेतली.

घरी रोज दुपारी अडीचला तो ती डावीकडे रिकाम्या खुर्चीकडे धरायचा. परत घ्यायचा. ठिपके असायचे. लवंगेचा वास असायचा. हे सगळं त्याने मला अशा आवाजात सांगितलं, की जणू बिघडलेल्या नळाबद्दल बोलतोय.

मला वाटलं, एकटेपणाने त्याला भास होतात. समजूत घालायला म्हणून मी गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो.

अडीच वाजले. मामाने हात लांब केला. मी खुर्चीकडेच बघत होतो. काही नव्हतं.

त्याने पातं उलटं केलं.

दोन ठिपके...

माझ्या डोळ्यांनी पाहिले.

"वास घे," मामा म्हणाला.

मी नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. ॲसिड. डोळ्यांत पाणी येईल इतकं उग्र.

"लवंग कुठेय, मामा?"

"दहा दिवस झाले, येत नाही."

"मग ही... मामी नाही?"

"नाही. बनावट आहे." तो हे अगदी हळू बोलला. "पहिल्या दिवशीची तीच होती. नंतर लवंगेचा वास येत असतानाच कधीतरी बदललं, ते माझ्या लक्षात आलं नाही."

तेव्हा मला कळलं. भूल उतरली होती. इतके महिने तो रडू यायची वाट बघत होता, आणि आली होती भीती.

"मग टाकून दे ना ती संगीन," मी म्हणालो.

मामाने माझं मनगट धरलं. बोटं गार पडली होती. खुर्चीकडे न बघता तो कुजबुजला,

"हळू बोल. तिथे जे बसलंय ना... त्याला वाटतंय, मला अजून कळलेलं नाही."

आणि त्याने पुन्हा डावा हात लांब केला.

त्यानंतर मी मामाकडे गेलेलो नाही. फोन करतो. तो बरा आहे म्हणतो. पण अडीचच्या सुमाराला मी त्याला फोन करत नाही, आणि घरात असलो तर माझ्या डाव्या हाताची खुर्ची आधी भिंतीकडे सरकवून ठेवतो.