पुन्हा गोठवू नये

नळीच्या तळाशी असलेला तो थेंब डोळ्यात अडलेल्या पाण्याएवढाच होता, पण पाण्यासारखा पळत नव्हता. नळी तिरकी केली की क्षणभर विचार करायचा आणि मग सावकाश, आपल्या मर्जीने सरकायचा. त्यात हेलिकेज होतं. माणसाचं जनुक जिवाणूत घालून, त्याच्याकडून बनवून घेतलेलं एक प्रथिन. आरएनएचे एकमेकांत गुंतलेले धागे सोडवणं, एवढंच त्याचं काम.

आज ते काहीच सोडवत नव्हतं. धागे सुटले की मिश्रणाची चमक वाढायला हवी आणि ती मोजणारी रेघ चढायला हवी. पडद्यावरची रेघ मात्र आडवी ती आडवीच.

पडद्यासमोर बसलेली ती उठून तरातरा शीतखोलीकडे निघाली. तिने दार ओढलं आणि नेमकं तेव्हाच आतून कुणीतरी ढकललं. भांडंभर बर्फ दोघांच्या पायांवर सांडला. समोर स्वेटर, मफलर आणि वाफेने पांढराफटक झालेला चष्मा.

"कोण आहे? मला दिसत नाहीये."

"माझं हेलिकेज मेलंय," ती कशीबशी म्हणाली.

"अरेरे... वय काय होतं?"

रडू येत असताना हसू फुटलं, याचा तिला रागच आला. हा शेजारच्या प्रयोगशाळेतला प्रथिनं बनवणारा. सगळे त्याला बर्फवाला म्हणत. त्याने चष्मा पुसत चौकशी केली. ती प्रत्येक प्रयोगाला अख्खी नळी वितळवायची, कणभर घ्यायची आणि उरलेलं परत गोठवायची.

"लहान लहान वाटे का नाही केलेत?"

"एवढासा तर थेंब. वाट्यांच्या नादात नळ्यांनाच चिकटून संपला असता."

"दर वेळी वितळून गोठताना प्रथिन थोडं थोडं मरतं. म्हणजे जपून जपून मारलंत," तो म्हणाला. पण आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस बोलतो, तितक्या हळू.

मग आपलं काम सांभाळून त्याने तिच्यासाठी नवं हेलिकेज बनवायला घेतलं. तीही त्याचा जादाचा स्वेटर घालून शीतखोलीत मदतीला उभी राहू लागली. बाह्या बोटांच्या पुढे लोंबायच्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. शेवटी त्याने डबी तिच्या हातात दिली. आत इवल्या इवल्या नळ्या आणि झाकणावर बारीक अक्षरांत त्याची सूचना: एकदाच वितळवावे. पुन्हा गोठवू नये.

त्या दिवशी रेघ चढली. चढतच गेली... तिचे डोळे भरून आले.

"तुझे आभार कसे—"

"शोधनिबंधाच्या शेवटी मान. बारीक टायपात चालेल." मग बर्फ उकरत, वर न बघता, "आणि तुला चालणार असेल तर... लग्नाचंही बघू. म्हणजे — माझ्याशी."

"विचार करते," ती म्हणाली.

विचार काही संपेना. रोज सकाळी ती उत्तर बाहेर काढी, निरखी आणि परत आत ठेवून देई. पूर्ण खात्री झाल्याशिवाय ती कधी काही बोललीच नव्हती.

"अगं, हो म्हणायला नळ्यांची परवानगी लागते का?" आई फोनवर करवादली.

"आई, निष्कर्ष घाईने काढायचे नसतात."

"मी तुझ्या बाबांना चहा निवायच्या आत हो म्हटलं होतं."

"आणि मी अजून भोगतोय!" मागून बाबांचा आवाज आला.

बर्फवाल्याने पुन्हा कधी विचारलं नाही. सकाळी ती यायच्या आत तिच्या टेबलावर बर्फाचं भरलेलं भांडं मात्र असायचंच. पूर्वी तो तिथे रेंगाळायचा, काहीतरी चिडवून जायचा. हल्ली भांडं ठेवून थांबत नव्हता.

एका दुपारी तिने डबीतली शेवटची नळी काढली. बोटांच्या उबेने थेंब सुटला, सावकाश सरकला. झाकणावरची सूचना तिला तोंडपाठ होती, तरी आज ती तिथेच अडली. आपण उत्तर जपत नव्हतो... रोज काढून, परत गोठवून, ते नासवत होतो.

तिने नळी बर्फात खोचली आणि जवळजवळ धावतच निघाली. शीतखोलीचं दार उघडलं. स्वेटर, मफलर, पांढरा चष्मा.

"कोण?"

तिने त्याचा चष्मा काढला, रुमालाने नीट पुसला, आणि परत न देता हातातच धरला.

"तुझे आभार राहिलेत."

"बारीक टायपात चालतील म्हटलं होतं ना..."

"नाही चालणार." तिने आवाज खाली येऊ दिला नाही. "मी तुझ्याशी लग्न करणार आहे."